पिशवीचे दोन आकडे आणि आरोग्य सल्लागाराचे शिक्षण

२०१९ साली बीड जिल्ह्याच्या नावावर दोन आकडे छापून आले. पहिला ४,६०५. तीन वर्षांत जिल्ह्यात इतक्या स्त्रियांची गर्भपिशवी काढली गेली, असे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले. दुसरा १३,८६१. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्या वस्त्यांतल्या आयाबहिणीही त्यात आहेत, हे वेगळे सांगायला नको.

हे दोन्ही आकडे आजही भाषणांत एकमेकांच्या जागी वापरलेले ऐकू येतात. खरे तर ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. पहिला आकडा ठरावीक तीन वर्षांत झालेल्या शस्त्रक्रियांचा. त्यात मजूर, शेतकरी, नोकरदार अशा सगळ्याच घरच्या बायका आल्या. दुसरा आकडा फक्त ऊसतोडीच्या बायकांचा, आणि त्यात आजवर कधीही पिशवी काढलेली बाई मोजली गेली. मग ती बीडला काढलेली असो की कारखान्याच्या गावाजवळ. एक नळातून येणारे पाणी मोजतो, दुसरा हौदात साठलेले.

आता पुढची पायरी. ८२,३०९ मध्ये १३,८६१ म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरच्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. लगेच 'पाचपट' असे म्हणायचा मोह होतो. पण जाणकार माणूस इथे थांबतो आणि विचारतो: बीडच्या पाहणीत पन्नाशीपुढच्या बायका किती होत्या? वयोगट सारखे केल्यावर फरक किती उरतो? दवाखाना जवळ आहे त्या तालुक्यात प्रमाण जास्त आहे का? हे प्रश्न विचारल्याने अन्याय लहान होत नाही. ऊसतोडीच्या गावांत तिशीत पिशवी काढलेल्या बायका भेटतात, तेवढे पुरेसे आहे. पण समोरचा वकील किंवा अधिकारी ज्या फटीतून निसटतो ती फट अशा प्रश्नांनी बुजते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, असे प्रश्न विचारणे आणि त्यांची उत्तरे कागदावर मांडून देणे हा आज एक पगारी पेशा आहे. त्याला आरोग्य सल्लागार म्हणतात. दवाखान्याचा खर्च कुठे वाया जातो, जंतुसंसर्ग का वाढतो, विम्याचे दावे का फेटाळले जातात, सरकारी योजनेचा पैसा गरजूपर्यंत पोचतो का, असली कामे हे लोक करतात. कुणी मोठ्या सल्लागार कंपनीत असतो, कुणी विमा कंपनीत, कुणी राष्ट्रीय आरोग्य अभियानात. दिल्लीच्या राष्ट्रीय आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्रात तर नेमणुकीचे पदच 'सल्लागार' असे असते. डॉक्टर असणे सक्तीचे नाही. नर्सिंग, फार्मसी, बीएएमएस, बीडीएस, इतकेच काय बीकॉम आणि बीए झालेली मुलेही या क्षेत्रात येतात. आपल्याकडे बारावीला नीट हुकली की घरात सुतक पडते. त्या घरांनी हा रस्ता जरूर पाहावा.

या शिक्षणात शिकवतात काय, त्याचा एक नमुना देतो. समजा तालुक्याच्या गावी २० खाटांचा खाजगी दवाखाना आहे. महिन्याच्या ३० दिवसांत ६०० खाट-दिवस होतात. त्यातले ३६० भरले, म्हणजे ६० टक्के. रुग्ण सरासरी ४ दिवस राहिला तर ९० रुग्ण झाले. तोच ३ दिवसांत बरा होऊन घरी गेला तर तेवढ्याच खाट-दिवसांत १२० रुग्ण होतात. नर्सचा पगार, विजेचे बिल आणि बँकेचा हप्ता दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच. म्हणजे वरच्या ३० रुग्णांचा पैसा बहुतांशी नफाच. आणि त्यातही बाळंतपण किंवा अपघातापेक्षा तारीख ठरवून करता येणारी शस्त्रक्रिया मालकाला सोयीची, कारण शस्त्रक्रियागृह रिकामे राहत नाही. मुकादमाची उचल घरात आली की बाईकडे एकरकमी पैसा असतो, हेही गावातल्या दवाखान्याला ठाऊक असते.

एकच तक्ता दोन सल्लागार वाचू शकतात. एक मालकाला सांगेल, मंगळवार-बुधवार शस्त्रक्रियागृह मोकळे जाते, ते भरा. दुसरा त्याच नोंदवहीतून चाळिशीच्या आतल्या बायकांचे केसपेपर बाजूला काढेल आणि पाहील: सोनोग्राफीचा अहवाल जोडला आहे का, कर्करोगाच्या संशयासाठी पॅप तपासणी झाली का, जास्त रक्तस्राव होता तर आधी औषधगोळ्या देऊन पाहिल्या का, बीजकोश सोबत काढले का आणि का काढले. याला वैद्यकीय लेखापरीक्षण म्हणतात. अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा औषधाने बरे होणारे दुखणे आहे. त्याला 'पिशवी सडली, कॅन्सर होईल' असे म्हणणारा कागद या दुसऱ्या सल्लागाराच्या हातून सुटत नाही. दोघांची पदवी एकच असू शकते. आपली मुले कुठल्या खुर्चीवर बसतील याची चर्चा प्रवेशाआधीच घरात झालेली बरी.

२०१९ नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याची अट आली. २०२२ मध्ये केंद्राने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर देखरेख समित्या असाव्यात असे त्यात आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तीन महिन्यांत त्या अमलात आणायला सांगितले. समितीपुढे येणारे कागद वाचायला, त्यांचे तक्ते करायला आणि चुकीचा दवाखाना ओळखायला माणसे लागतात. ती माणसे फक्त कायद्याच्या आदेशाने तयार होत नाहीत.

मात्र सगळा दोष डॉक्टरावर ढकलणारा विद्यार्थीही अर्धाच शिकला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईने पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली की खाडा पडतो आणि दंड उचलीत चढतो. फडाशेजारच्या खोपीला संडास नाही, पाणी लांब. अशा बाईला पिशवी हे ओझे वाटू लागते आणि ती स्वतःच 'काढून टाका' म्हणते. मग बीजकोशही गेले तर ऐन तिशीत पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात: अंगाची आग, हाडे ठिसूळ, कंबर धरणे. दवाखान्याच्या आतला हिशेब शिकवतो तो रुग्णालय प्रशासनाचा अभ्यासक्रम, म्हणजे एमएचए किंवा या विषयातील एमबीए. फडावरच्या खोपीपर्यंत नेतो तो सार्वजनिक आरोग्याचा, म्हणजे एमपीएच. माझ्या मते बीडच्या मुलाने आधी कुठलेही एक करावे, पण दुसऱ्याची पुस्तके उशाला ठेवावीत.

मुंबईच्या देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत हे दोन्ही प्रवाह शिकवले जातात. शेजारीच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे; वर उल्लेखलेले राष्ट्रीय सर्वेक्षण तिच्याकडूनच होते. पुण्यात सिंबायोसिसच्या आरोग्य विज्ञान संस्थेत रुग्णालय व्यवस्थापनाचे एमबीए आहे, त्याला स्नॅप परीक्षा लागते. जयपूरची आयआयएचएमआर १९८४ पासून याच विषयात काम करते. राज्यातल्या एमबीए महाविद्यालयांसाठी सीईटी कक्षाची परीक्षा असते. कुठल्या अभ्यासक्रमाला कुठली परीक्षा, हे नियम अधूनमधून बदलतात. त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचा, शिकवणीवाल्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. परदेशात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि लंडनचे आरोग्य व उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालय मिळून आरोग्य धोरण, नियोजन आणि वित्त असा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात. बाबासाहेबांनी डी.एस्सी. केली ती हीच लंडन स्कूल.

बाबासाहेबांचा उल्लेख आला म्हणून एक जुनी गोष्ट. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळत होते. कारखान्यातील कामगारांसाठी आरोग्य विमा कसा असावा, हे अभ्यासण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे देण्यात आले. आडारकर डॉक्टर नव्हते, अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजच्या भाषेत हे आरोग्य सल्लागाराचेच काम. पण त्या कायद्यातली व्याख्यांची कलमे नीट वाचा. हंगामी कारखाने कायद्यातून वगळले आहेत, आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत साखर आणि गूळ ही नावे आहेत. फडात ऊस तोडणारी बाई तर कारखान्याची कामगारच धरली जात नाही. तिची गाठ मुकादमाशी. व्याख्येतल्या एका ओळीमुळे कोण आत आणि कोण बाहेर, हे पाहायची सवय म्हणजे या अभ्यासाचा निम्मा भाग.

आता तयारीकडे. इथे आपल्या मुलांची खरी अडचण बुद्धीची नाही, वेळापत्रकाची आहे. प्रवेश परीक्षांचे अर्ज साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत भरायचे असतात. नेमके तेव्हा आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असतात. तहसीलला उत्पन्नाचा दाखला हवा, तलाठ्याकडे चौकशी हवी, सही करायला बाप गावात नाही. म्हणून दसऱ्याआधी, टोळी निघायच्या आत, कागदांची पिशवी तयार ठेवा: जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता, अधिवास, वडिलांचे कागद. उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर नवा लागतो, तो घरचे परत आल्याबरोबर काढा.

जातीच्या प्रमाणपत्राबद्दल एक खास सूचना. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मांतरितांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रातही मिळाला. पण प्रमाणपत्रावर नुसते 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' एवढेच असेल तर केंद्रीय नमुना मागणाऱ्या संस्थेत अडते. मूळ जातीचा उल्लेख असलेला, धर्मांतरितांसाठीचा वेगळा नमुना असतो. तो आधीच काढून ठेवा. कुणाला मूळ जात लिहिणे मनाला लागते, हे मी समजू शकतो. तरी हा कागद हक्काचा आहे.

पैशाचे म्हणाल तर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा आहे, अर्ज महाडीबीटीवर. वसतिगृह मिळाले नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत होते. हप्ता उशिरा येईल असे धरूनच पहिल्या चार महिन्यांची सोय करा. परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट त्या वर्षीच्या शासन निर्णयात पाहा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती हातची जाते. खाजगी अभिमत विद्यापीठाला फी भरण्याआधी 'आमच्या प्रवर्गाला शिष्यवृत्ती लागू आहे का' हे लेखी विचारा. 'शंभर टक्के नोकरी' म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजून परत पाठवा.

पदवी झाल्याझाल्या पदव्युत्तरला पळू नये, असे मला वाटते. वर्ष-दोन वर्षे काम करावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्राच्या खिडकीवर बसलेल्या मुलीला कुठला प्रस्ताव मंजूर होतो, कुठला परत येतो आणि कुठल्या रुग्णाकडून योजनेत असूनही पैसे घेतले जातात, हे रोज दिसते. मुलाखतीत तिच्यापुढे शहरातला पहिला आलेला मुलगा फिका पडतो. बिलिंग, औषध भांडार, प्राथमिक आरोग्य केंद्रातली माहिती नोंद, नर्सिंगची ड्युटी, यातले काहीही चालेल. सोबत एक्सेल शिका. सरासरी आणि मध्यक यातला फरक, टक्केवारीचा छेद कोणता, एवढे पक्के करा. इंग्रजी बोलण्याची भीती नंतर जाते, आधी इंग्रजी अहवाल वाचायला शिका.

सराव आजपासून करता येतो, आणि फुकट. सरकारी दवाखान्यांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आहेत. त्यांच्या तपासणी याद्या नेटवर मिळतात. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. पाहणी करून, कर्मचाऱ्याला विचारून, नोंदवही तपासून आणि रुग्णाशी बोलून ते द्यायचे. प्राथमिक आरोग्य केंद्राची यादी छापून घ्या. त्यातला रुग्णहक्कांचा भाग काढा, चौघे-पाच जण विहारात बसून रविवारी वाचा, आणि सोमवारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून आपल्या केंद्रात जा. बाईला तपासताना पडदा आहे का, दरपत्रक मराठीत लावले आहे का, तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते, इथून सुरुवात करा.