खोडलेली ओळ

1989 साली तिआनमेन चौकात विद्यार्थी जमले, तेव्हा विजय गोखले बीजिंगच्या भारतीय दूतावासात तरुण अधिकारी होते. पुढे ते चीनमध्येच राजदूत झाले, परराष्ट्र सचिव झाले, 2020 च्या जानेवारीत निवृत्त झाले. त्या आंदोलनावरचं त्यांचं पुस्तक आलं 2021 मध्ये. 32 वर्षांनी. डोळ्यांदेखत घडलेलं माणूस इतकी वर्षं पोटात कसं ठेवतो, हे मला कळेना. म्हणून पुण्यातल्या एका निवृत्त राजदूतांना गाठलं. ते परराष्ट्र धोरणावर मराठीत सदर लिहितात. नाव मात्र छापू नका म्हणाले.

टेबलावर लेखाचा खर्डा होता. प्रत्येक परिच्छेदाला आकडा घातलेला. "केबलची सवय हो. संपादकांकडे पाठवताना आकडे पुसतो," ते म्हणाले. केबल म्हणजे दूतावासातून दिल्लीला जाणारी सांकेतिक तार. यजमान देशात काय चाललंय ते वैध मार्गांनी जाणून आपल्या सरकारला कळवणं, हे दूतावासाचं काम 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमातच लिहिलेलं आहे. परकी भाषा शिकणं, बदल्या, गाठीभेटी यांतलं बरंच काही अशा तारेतल्या चार परिच्छेदांसाठी असतं. आपल्याला दिसतात ते मेजवान्यांचे फोटो.

पाचव्या परिच्छेदावर त्यांची पेन्सिल थांबली. एका वाटाघाटीत, शेवटच्या रात्री, समोरचा मंत्री काय बोलला ते तिथं एका ओळीत होतं. अख्ख्या लेखात तीच ओळ जिवंत होती.

"निवेदनात आम्ही 'मोकळेपणाने चर्चा झाली' असं घातलं. म्हणजे पटलं नाही. का पटलं नाही, ते या ओळीत आहे."

"मग राहू द्या ना, सर."

"ते गृहस्थ अजून सत्तेत आहेत. उद्या आपल्याच कुणा पोराला त्यांच्यासमोर बसायचंय."

आडवी रेघ ओढली. तिच्यावर आणखी एक. अक्षर लागेनासं होईपर्यंत ते गिरवत राहिले.

ही माणसं लपवतात, अशी तक्रार मनात घेऊन मी गेलो होतो. ती त्या पेन्सिलीपाशी गळून पडली. खोडून झाल्यावर त्यांनी खणातून वही काढली, तीच ओळ तिच्यात उतरवली, खाली तारीख घातली.

"32 वर्षं थांबायला मी नसेन. वही असेल," ते म्हणाले.

रविवारी लेख छापून आला. त्यात चारच परिच्छेद होते.