वारा सह्याद्रीचा, हिशेब मार्चअखेरचा

गेल्या आठवड्यात आपण जर्मनीच्या २००० सालच्या कायद्याची ओळख करून घेतली. वीज तयार करणाऱ्याला दर युनिटमागे ठरलेला भाव, तोही २० वर्षांच्या हमीने, या तरतुदीच्या बळावर तिथे घरांच्या छपरांवर सौरपट्ट्या चढल्या. या वेळी आपल्या घाटमाथ्यावर येऊ. साताऱ्याहून सज्जनगड मागे टाकून ठोसेघरच्या रस्त्याने वर गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. तिथून पुढे पाटण तालुक्यातलं वनकुसवडे. या पठारांवर पवनचक्क्यांची जी दाटी दिसते, ती वाऱ्याच्या जोरावर उभी आहे हे खरंच. पण तिथे त्या कधी आल्या, कोणाच्या मालकीच्या झाल्या आणि आकाराने एवढ्या लहान का राहिल्या, हे समजून घ्यायचं तर आयकर कायद्यातलं घसाऱ्याचं कलम उघडावं लागतं.

सुरुवात सरळ झाली होती. १९७३च्या तेलसंकटाने हादरलेल्या केंद्र सरकारने १९८२ साली अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग काढला. देशात वारा कुठे, किती आणि कोणत्या महिन्यांत वाहतो याची शिस्तशीर मोजणी झाली. त्या कामात अॅना मणी या हवामानशास्त्रज्ञ बाईंचा वाटा फार मोठा. पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणं घडवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि निवृत्तीनंतर त्यांनी वाऱ्याच्या नोंदींचे ग्रंथ सिद्ध केले. १९८६ साली रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिन या किनाऱ्यांवर पहिल्या प्रायोगिक पवनचक्क्या उभ्या राहिल्या. यंत्रं डेन्मार्कची, प्रत्येकी ५५ किलोवॉटची, आणि खर्च सरकारी.

खासगी पैसा मात्र येईना. कोळशाची वीज स्वस्त, आणि राज्य वीज मंडळं वेळेवर पैसे देतील याचा भरवसा नाही. मग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राने करसवलतीचा मार्ग धरला. कारखान्यातलं यंत्र दरवर्षी झिजतं, त्या झिजेपोटी मालकाला नफ्यातून काही रक्कम वजा करू देतात, तो घसारा. एरवी ही वजावट हळूहळू, वर्षानुवर्षं मिळते. पवनचक्कीला मात्र पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मंजूर झाला. पुढे तो ८० टक्क्यांवर आला.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा एका सूतगिरणीला वर्षाला ५ कोटी नफा झाला आणि त्यावर ३५ टक्के कर आहे. तिने २ कोटींची पवनचक्की घेतली की करपात्र नफा ३ कोटींवर येतो आणि त्या वर्षीचा ७० लाखांचा कर वाचतो. चक्कीने अजून एक युनिटही वीज दिलेली नसताना किमतीच्या एक तृतीयांशाहून अधिक पैसे हातात आलेले असतात. त्यात महाराष्ट्र सरकारने गुंतवणूकदारांना विक्रीकरातही सवलत दिली. दोन्ही मिळून हिशेब असा जमला, की चक्की किती फिरते हा प्रश्न मालकाच्या दृष्टीने मागे पडला.

याच कायद्यातला एक नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांहून कमी वापरलं गेलं, तर घसारा निम्माच मिळतो. त्यामुळे चक्क्या सुरू करण्याच्या दोन तारखा पक्क्या झाल्या: पूर्ण वजावट हवी असेल तर सप्टेंबरअखेर, आणि निम्मीवर भागत असेल तर मार्चअखेर. आता सह्याद्रीचा वारा आठवा. तो मोसमी. जून ते ऑगस्ट या पठारांवर माणसाला उभं राहू देत नाही आणि दसऱ्याच्या सुमारास मंदावतो. म्हणजे ३० सप्टेंबरला सुरू झालेल्या चक्कीला पूर्ण करसवलत मिळे, पण वर्षाचा जोरदार वारा मात्र तिच्या हातून निघून गेलेला असे. वाऱ्याचं आणि आयकराचं पंचांग जुळत नव्हतं, आणि तारीख ठरत होती आयकराच्या पंचांगावर.

मालकीही त्यानेच ठरली. ही सवलत घ्यायची तर दुसऱ्या धंद्यात भरघोस करपात्र नफा हवा. गावाला, शेतकऱ्यांच्या सोसायटीला किंवा फक्त वीजच विकू पाहणाऱ्या नव्या कंपनीला तिचा काही उपयोग नव्हता. म्हणून ज्या पठारावर नाचणी-वरीची शेती होत होती, तिथली चक्की दूरच्या शहरातल्या कारखानदाराच्या ताळेबंदात गेली. कोणाची एक, कोणाची पाच, कोणाची पन्नास. पठारावरच्या माणसाकडे जमिनीचे एकदाच मिळालेले पैसे आणि फार तर पहारेकऱ्याची नोकरी उरली. जर्मनीत शेतकरी स्वतः चक्कीचे भागीदार झाले आणि इथे झाले नाहीत, याचं मूळ मला या कलमात दिसतं. आपल्या गावांत उद्यमशीलता कमी आहे, हे स्पष्टीकरण मला पटत नाही.

तरीही ही सवलत वाया गेली असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळे देशात पवनचक्क्यांचा कारखानदारी पाया तयार झाला. सुरतेत कापडाचा व्यवसाय करणाऱ्या तुलसी तांती यांनी विजेच्या बिलाला वैतागून दोन चक्क्या घेतल्या, आणि त्यातून १९९५ साली सुझलॉन ही कंपनी निघाली. तिचं मुख्यालय पुण्यात. जमीन, यंत्र, उभारणी, देखभाल असं सगळं एका हाती देण्याची तिची पद्धत करसवलत शोधणाऱ्या कारखानदाराला अगदी सोयीची होती. वनकुसवड्याच्या पठारावर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. काही वर्षांतच ही कंपनी जगातल्या आघाडीच्या चक्की-उत्पादकांत गणली जाऊ लागली.

पुढे युनिटला भाव देण्याकडे धोरण वळलं. २००३च्या वीज कायद्यानंतर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पवनऊर्जेला पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये, दरवर्षी १५ पैसे वाढ आणि १३ वर्षांचा करार असा दर लावून दिला. २००९ साली केंद्राने ज्यांना घसारा नको त्यांच्यासाठी युनिटमागे ५० पैशांचं प्रोत्साहन आणलं. चक्की फिरली तरच पैसे, हे तत्त्व माझ्या मते योग्य होतं. पण ते नीट रुजण्याआधीच, एप्रिल २०१२मध्ये, वाढीव घसारा आणि हे प्रोत्साहन दोन्ही एकदम थांबले. २०११-१२मध्ये देशात सुमारे ३२०० मेगावॉट नव्या चक्क्या लागल्या होत्या, पुढच्या वर्षी जेमतेम १७००. प्रोत्साहन २०१३ साली परत आलं, घसारा २०१४च्या अर्थसंकल्पात. कामगार आणि सुटे भाग पुरवणारे छोटे उद्योजक एवढे हेलकावे सोसू शकत नाहीत. मोठ्या कंपनीला बँका मुदत वाढवून देतात, वर्कशॉपवाल्याला कोणी देत नाही.

मग २०१७ साली लिलाव आले. फेब्रुवारीतल्या पहिल्याच लिलावात भाव ३ रुपये ४६ पैशांवर उतरला, डिसेंबरात गुजरातच्या लिलावात २ रुपये ४३ पैशांवर. ग्राहकाच्या दृष्टीने ही चांगली बातमी होती. पण एवढ्या कमी भावात परवडेल असा वारा देशात मोजक्याच ठिकाणी आहे. गुंतवणुकीची धाव कच्छ आणि दक्षिण तमिळनाडूकडे गेली, आणि महाराष्ट्रातली मध्यम वाऱ्याची ठिकाणं मागे राहिली. देशभरातली नवी उभारणी २०१६-१७मधल्या सुमारे ५५०० मेगावॉटवरून पुढच्या वर्षी १८००च्याही खाली घसरली.

या सगळ्या बदलांत एक पक्ष कोणत्याच हिशेबात नव्हता. चाळकेवाडीच्या सड्यावर एक सरडा राहतो, नराच्या गळ्याशी निळी-नारिंगी पंख्यासारखी पिशवी असलेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे पाहणी करून २०१८ साली निष्कर्ष मांडले. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या चक्क्या नसलेल्या भागाच्या साधारण एक चतुर्थांश होती. घारी-ससाण्यांचं भय सरल्यामुळे तिथे सरडे वाढले, पण ते अंगाने बारीक झाले आणि माणूस जवळ आला तरी लवकर पळेनासे झाले. एका यंत्राने पठारावरची सारी अन्नसाखळी हलवली. पवनऊर्जा प्रकल्पांना मात्र केंद्राच्या पर्यावरणीय मंजुरीच्या प्रक्रियेतून सूट होती. ‘हरित’ म्हणून दिलेली ती सूट सह्याद्रीच्या सड्यांवर चुकीची ठरली, हे आता मान्य करायला हवं.

आजचा प्रश्न जुन्या चक्क्यांचा आहे. साडेतीनशे किलोवॉटची यंत्रं राज्यातल्या उत्तम वाऱ्याच्या जागा अडवून आहेत. आज ३ मेगावॉटची एक चक्की अशा आठ-नऊ चक्क्यांचं काम करते, शिवाय उंच मनोऱ्यामुळे जास्त वारा पकडते. खांब कमी झाले तर पठारही थोडं मोकळं होईल. जुन्या चक्क्या बदलण्याचं धोरण केंद्राने २०१६मध्ये आणलं आणि २०२३मध्ये सुधारलं, तरी काम पुढे सरकत नाही, कारण एका पठारावर डझनावारी मालक आहेत. कोणाच्या जागेवर नवी चक्की उभी करायची, जुन्या कराराचं काय करायचं, वीजवाहिनीतला कोणाचा वाटा किती, हे ठरवायला सगळे एका टेबलाशी आले पाहिजेत. घसाऱ्याच्या कलमाने केलेले मालकीचे तुकडे आता असे आडवे येत आहेत. ते जोडायचे तर राज्य सरकारला आणि नियामक आयोगाला पठारनिहाय योजना करावी लागेल, आणि त्या योजनेत वनकुसवडे-चाळकेवाडीच्या ग्रामपंचायतींना भागीदारी द्यायची का, हे याच वेळी ठरेल.

पुढच्या आठवड्यात: शेतीपंपांना दिवसा वीज आणि सौर कृषी वाहिनी.