आधी उत्तर, मग प्रयोग

घरात बारावीचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिची भौतिकशास्त्राची प्रयोगवही आज रविवारच्या निवांत वेळी जरा उघडून पाहावी. खाकी कव्हर, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काढलेली आकृती, उजवीकडे उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षणांचा तक्ता आणि शेवटी पट्टीने आखलेल्या चौकटीत उत्तर. त्यातला दोलकाचा प्रयोग शोधावा. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, त्याला हळूच झोका द्यायचा, वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोजायचे आणि त्यावरून पृथ्वीचे गुरुत्वत्वरण काढायचे, असा हा जुना प्रयोग. चौकटीत ९.८ असेल. शेजारच्या मुलाची वही मागवून पाहा, तिथेही ९.८. सगळ्या तुकडीच्या वह्या गोळा केल्या तरी फार वेगळे काही हाती लागायचे नाही. एक दोरा, एक गोळा आणि ठोका चुकवणारे एखादे स्टॉपवॉच एवढ्या सामग्रीवर इतका एकमुखी निकाल मिळत असेल, तर आपल्या प्रयोगशाळा जगात अव्वल म्हणायला हव्यात!

तसे नाही, हे मुलांनाही ठाऊक असते आणि शिक्षकांनाही. उत्तर आधीच माहीत असते. सूत्र उलटे फिरवले की एक मीटर लांबीच्या दोलकाला वीस आंदोलनांसाठी ४०.१४ सेकंद लागायला हवेत, हे कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात निघते. मग तक्त्यात ४०.१, ४०.२, ४०.१ असे आकडे भरायचे. तिन्ही सारखे भरले तर संशय येतो, म्हणून मध्ये एक किंचित वेगळा. ही हुशारी वरच्या वर्गातून खालच्या वर्गाकडे परंपरेने येते. मुलांच्या भाषेत याला 'रीडिंग बसवणे' म्हणतात. बसवणे हा शब्द मोठा समर्पक आहे. लग्नघरी पाहुण्यांना पंगतीत बसवावे, तसे आकड्यांना तक्त्यात बसवले जाते.

यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. समजा, एखाद्या मुलीने मनापासून प्रयोग केला आणि तिचे उत्तर १०.८४ आले. ती वही घेऊन सरांकडे जाते.

"सर, माझं दहाच्या वर येतंय."

"काहीतरी चुकलंय तुझं. पुन्हा घे. नाहीतर शेजारी बघ, किती आलंय ते."

तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, एका टेबलाभोवती पाच-सहा मुले, स्टॉपवॉच एकच, आणि वही पूर्ण असल्याची सही मिळाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. पुन्हा प्रयोग करायला वेळ आहे कुणाला? मुलगी शेजारी बघते. चौकटीत ९.८ येते.

आता गंमत अशी की, त्या १०.८४ मध्ये एक पुरती हकिगत दडलेली आहे. गोळा सोडला त्या क्षणी तिने 'एक' म्हटले. म्हणायला हवे होते 'शून्य'. त्यामुळे वीस मोजली तेव्हा प्रत्यक्षात एकोणीसच आंदोलने झाली होती. एकोणिसांचा वेळ विसांनी भागला की दोलनकाल कमी येतो, आणि सूत्रात त्याचा वर्ग छेदात असल्यामुळे उत्तर जवळजवळ अकरा टक्क्यांनी फुगते. ९.७९ चे १०.८४ होते ते असे. दुसऱ्या कुणाचे ९.६९ आले, तर त्याने बहुधा फक्त दोऱ्याचीच लांबी घेतली आणि गोळ्याची त्रिज्या मिळवायला तो विसरला. एक सेंटिमीटरची ती चूक. तिसऱ्याचे ९.४५? त्याने झोका फार मोठा दिला असावा. तीस अंशांपर्यंत गोळा ओढला तर दोलनकाल पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. साधे सूत्र लहान झोक्यापुरतेच खरे आहे. पुस्तकात 'कोन लहान ठेवावा' असे दक्षतेच्या सदरात छापलेले असते आणि मुले ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवतात. का ठेवावा, हे मात्र ज्याचे ९.४५ आले त्यालाच कळू शकले असते.

म्हणजे प्रत्येक चुकलेल्या उत्तराला नाव-गाव असते. ते शोधून काढणे हेच तर भौतिकशास्त्र शिकणे. बरोबर उत्तर आले त्याला दोलकाने फारसे काही शिकवले नाही. आणि खरे सांगायचे तर ९.८ हे उत्तरही काटेकोर नव्हेच. गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३ असते. मुंबईत ते ९.७९ च्या किंचित खाली भरते. आपल्याच गावचा आकडा आपल्या मुलांना माहीत नसावा आणि पुस्तकातला तेवढा तोंडपाठ असावा, याला काय म्हणावे?

या फरकामागे एक जुनी कथा आहे, आणि ती दोलकाचीच आहे. १६७२ साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने झां रिशे नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर पाठवले. तिथे त्याला आढळले की, पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे लंबकाचे घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडते आहे. वेळ जुळवण्यासाठी त्याला लंबक तीनएक मिलिमीटरने आखूड करावा लागला. आपल्या प्रयोगशाळेतल्या रिवाजाप्रमाणे त्याने शेजाऱ्याची वही पाहून 'घड्याळ बरोबर आहे' असे लिहून टाकायला हवे होते! त्याने तसे केले नाही. महिनोन् महिने मोजणी केली आणि जे आले तेच लिहिले. पुढे १६८७ साली न्यूटनने आपल्या ग्रंथात याच नोंदीचा आधार घेतला. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आणि ध्रुवांशी चपटी आहे, या त्याच्या प्रतिपादनाला तिने बळ दिले. अडीच मिनिटांच्या तफावतीतून पृथ्वीचा आकार कळला.

उत्तर बसवण्याचा मोह मोठमोठ्यांनाही होतो, हे रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलिफोर्नियातल्या एका पदवीदान समारंभात सांगितले होते. मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. हवेच्या चिकटपणाचा आकडा थोडा चुकीचा धरल्यामुळे त्यांचे उत्तर किंचित कमी आले. नंतरच्या संशोधकांची उत्तरे एकदम खऱ्या आकड्यावर गेली नाहीत, थोडी थोडी करत वर सरकली. का? फाइनमन यांचे म्हणणे असे की, मिलिकनपेक्षा फार वेगळे उत्तर आले की लोक आपली चूक शोधत बसत आणि जवळचे आले की फारशी चौकशी करत नसत. फरक इतकाच की त्यांनी निदान प्रयोग तरी केले होते.

शिक्षकांची बाजूही ऐकायला हवी. अभियांत्रिकी आणि वैद्यकीयचा प्रवेश प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर ठरतो, आणि त्या परीक्षेत कुणी दोलक हलवायला लावत नाही. बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रात्यक्षिकाला तीस गुण आहेत खरे. पण ते अंगवळणी पडलेले गुण आहेत, त्यांची चिंता ना मुलाला ना पालकाला. क्लासला जाणाऱ्या मुलाला कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो आणि आपणही जेवणाच्या ताटावर त्याची री ओढतो. अशात एखाद्या शिक्षकाने वेगळे करू म्हटले, तर त्याला पाठबळ कुणाचे?

तरीही वेगळे करून पाहणारे होऊन गेले. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा खेडेगावांतल्या शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची मुले टोळ्यांनी प्रयोग करीत, आलेले आकडे फळ्यावर मांडले जात आणि वेगवेगळे का आले यावर वर्गात चर्चा होई. परीक्षेला पुस्तक न्यायची मुभा होती, कारण पुस्तकात उत्तरे नसतच. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. त्यातली फळ्यावर आकडे मांडण्याची युक्ती मात्र कुठल्याही शाळेला फुकटात उचलता येईल. साठ मुलांचे साठ आकडे एकाखाली एक लिहिले, की बहुतेकांची दाटी ९.६ ते ९.९ च्या दरम्यान दिसेल आणि एखादा १०.८४ बाजूला उभा असेल. त्याला घालवून देण्याऐवजी जवळ बोलावून विचारायचे, बाबा रे, तू कुठून आलास?

आपल्याकडे 'शास्त्रीय कारणे द्या' हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. प्रश्नाचा हेतू किती चांगला! पण कारणेही गाइडातून पाठ करण्याची सोय झाली आणि मुलांची खात्री पटली की कारण ही सुद्धा दुसऱ्याने द्यायची वस्तू आहे. असो.

शाळेची वाट न पाहता घरीही थोडे करता येईल. दाराच्या चौकटीला खिळा असेल तर त्याला दोरा बांधावा आणि खाली एक छोटे कुलूप अडकवावे. खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत पंचवीस सेंटिमीटर ठेवले, तर एक आंदोलन जवळजवळ एका सेकंदात पुरे होते. एक मीटर ठेवले तर दोन सेकंदांत. लांबी चौपट, वेळ मात्र दुप्पट. मग छोटे कुलूप काढून गोदरेजचे मोठे कुलूप लावायच्या आधी आजोबांपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना विचारावे की आता वेळ वाढेल की कमी होईल, आणि प्रत्येकाचे म्हणणे नावासह कागदावर लिहून घ्यावे. दोन्ही बाजूंना मते पडतील, वादही होतील. कुलूप मोठे झाल्याने त्याचा मध्य खाली सरकतो, तेव्हा दोरा तेवढा आखूड करून घ्यावा. मग भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत वीस आंदोलने मोजावीत. मोजणी शून्यापासून करावी.