आरोग्यसेविकेचा रक्तदाब कोण मोजणार?

मढच्या कोळीवाड्यातल्या एक आरोग्यसेविका अधूनमधून आमच्या सरकारी रुग्णालयात रुग्ण घेऊन येतात. मढ जेट्टीवरून होडीने वर्सोवा, तिथून रिक्षा. रस्त्याने यायचे तर मार्वे, मालाड असा लांबचा वळसा. परवा त्यांच्यासोबत पंचविशीतला एक खलाशी होता. "डॉक्टर, याने टीबीच्या गोळ्या सोडल्यात. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, आता म्हणतो बरा झालो."

क्षयरोगातली ही नेहमीची फसगत. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत बहुतेक जंतू मरतात आणि माणसाला बरे वाटते. पण सुस्तावून दडलेले जंतू मारण्यासाठीच पुढचे महिने लागतात. औषध मध्येच सोडले तर आजार उलटतो, कधी औषधांना दाद न देणारा होऊन. मी हे ओपीडीत सांगितले की रुग्ण मान हलवतो आणि जातो. त्याच्या घरी जाऊन गोळ्यांचे पाकीट तपासणे मला जमणारे नाही. ताईंना जमते. या मुलाला लहानपणी पोलिओचे डोसही त्यांनीच पाजले होते.

ओळखीचा असा औषधी गुण असतो. 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात 2018 मध्ये नऊ देशांतल्या 22 अभ्यासांचा आढावा आला होता. त्यांपैकी 18 अभ्यासांत, एकाच डॉक्टरकडे सातत्याने जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. अभ्यास डॉक्टरांचे होते, पण वस्तीत वर्षानुवर्षे फिरणाऱ्या सेविकेला ते कमी लागू पडते असे मला वाटत नाही.

अशा वर्षांची मोजदाद करणारी पदके जगात आहेत. प्रथमोपचार करणाऱ्या सेंट जॉन संस्थेचे सेवा पदक 1898 पासून दिले जाते. आजही त्यावर व्हिक्टोरिया राणीचाच चेहरा असतो. ठरावीक वर्षे भरली की पदक, पुढे सेवा चालू राहिली की त्यावर पट्टी. आपल्याकडे 22 मे 2022 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने दहा लाखांहून अधिक आशा कार्यकर्त्यांचा एकत्रित सन्मान केला. मला अभिमान वाटला. मात्र त्याच आशांना 2023 आणि 2024 मध्ये महाराष्ट्रात मानधनवाढीसाठी संप करावा लागला. कागदावर त्या स्वयंसेविका. पगार नव्हे, मानधन.

त्या खलाशाचे औषध पुन्हा सुरू करायच्या आधी थुंकीची तपासणी लिहून दिली. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, कपाळ दाबत. बसवून रक्तदाब घेतला : 178/104. दहा मिनिटांनी पुन्हा, जवळपास तेवढाच.

"शेवटचा कधी मोजला होता?"

"दुसऱ्यांचा रोज मोजते, डॉक्टर."

तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा, असे त्या सत्तावीस वर्षे घरोघरी सांगत आल्या आहेत. पुन्हा पुन्हा 140/90 किंवा त्याहून जास्त आला तर उपचार हवेत, हेही त्यांना पाठ आहे. उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून राहून जातो. सकाळी बाजाराला गेलेल्या कोळणी संध्याकाळीच घरी भेटतात. ताईंची फेरी तेव्हाची. स्वतःच्या तपासणीला वेळ कधी काढणार?

पुरस्काराचे विचारले तर हसल्या. "आशांना मिळाला म्हणे. ठेवलाय कुठे, बघायला मिळेल का?"

मी त्यांचा केसपेपर काढायला लावला. पंधरा दिवसांनी खलाशी आला, ताईही आल्या. या वेळी पिशवीत दोघांचे कागद होते.