रेल्वेच्या आवारातील उपेक्षित एंजिने

सिंधुदुर्गनगरी, म्हणजेच ओरोस, येथील रेल्वेस्थानकाविषयी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. या स्थानकाला वाफेच्या एंजिनाचा नित्याचा सहवास कधी घडलाच नाही. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी 1853 साली धावली. कोकण रेल्वे मात्र संपूर्ण खुली झाली ती 26 जानेवारी 1998 रोजी. मधल्या जवळजवळ दीडशे वर्षांत मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या मुलखातील माणूस गलबताने, आगबोटीने किंवा पुढे मोटारीने मुंबई गाठीत असे, आणि एंजिन पाहावयाचे ते मुंबईच्या गोदीत पाहत असे. त्याच्या दाराशी रेल्वे आली तेव्हा वाफेचे युग सरले होते. जी गाडी आली ती डीझेलची. 2022 साली या मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले आणि डीझेलही मागे पडू लागले. तेव्हा या जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर ‘जुने एंजिन’ या शब्दांचा अर्थ डीझेलचे एंजिन असाच करावा लागेल.

हे डीझेल भारतीय रेल्वेत नांदू लागले ते मेलगाडीच्या अग्रभागी मिरवत नव्हे. ते मागच्या दाराने आले. मालगाड्यांच्या आवारात, डबे ढकलण्याच्या हलक्या मानल्या गेलेल्या कामावर, आणि तेही दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत.

या कामास रेल्वेच्या भाषेत शंटिंग म्हणतात. निरनिराळ्या गावांहून आलेले डबे वेगळे करणे, एका दिशेचे डबे एका रुळावर जमवणे, भरलेला डबा धक्क्यास लावणे आणि रिकामा काढून घेणे, असा हा खटाटोप असतो. प्रवाशांना तो दिसत नाही. फार तर रात्री स्थानकात गाडी उभी असता बफरवर बफर आदळल्याचा आवाज कानी पडतो. या कामात वेगाला किंमत नाही. थांबलेले ओझे हलविण्याची ताकद, हाताशी असलेला ब्रेक आणि पुढे-मागे सारख्याच सहजतेने जाण्याची सोय, एवढे असले म्हणजे झाले.

वाफेचे एंजिन या कामी मोठे उधळे ठरते. बंबाखाली विस्तव घालून वाफ धरण्यास काही तास लागतात. एकदा वाफ धरली, की काम असो वा नसो, कोळसा जळतच राहतो. शंटिंगच्या एंजिनाचा बराचसा दिवस तर वाट पाहण्यातच जातो. सांधा फिरेपर्यंत थांबा, पॉइंट्समनने निशाण दाखवीपर्यंत थांबा, मुख्य मार्गावरून गाडी जाईपर्यंत थांबा. शिवाय पाणी हवे, राख काढण्यास माणूस हवा, आणि ड्रायव्हरच्या जोडीस फायरमन तर हवाच.

जर्मन अभियंता रुडॉल्फ डीझेल याने 1890 च्या दशकात सिद्ध केलेल्या यंत्रात यांपैकी बहुतेक उपाधी नाहीत. सिलिंडरात घेतलेली हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते, की तिचे उष्णतामान पाचशे अंश सेंटिग्रेडच्या वर चढते. त्या तप्त हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो. ठिणगी पाडणारे वेगळे साधन लागत नाही. काम नसेल तेव्हा यंत्र बंद करता येते आणि पुन्हा हवे तेव्हा चालू करता येते.

मात्र यात एक मोठी गोम आहे. वाफेचे एंजिन उभ्या स्थितीतूनच पूर्ण जोर लावू शकते. डीझेल यंत्र तसे करू शकत नाही. ते आधी मोकळे फिरत असले पाहिजे, मगच त्यावर ओझे टाकता येते. ते सरळ चाकांना जोडले, तर गाडी हलण्याऐवजी यंत्रच बंद पडेल. म्हणून यंत्र आणि चाके यांच्यामध्ये कोणीतरी मध्यस्थ लागतो. छोट्या एंजिनांत हे काम क्लच व दातेरी चाकांची पेटी करीत असे, आणि तेथून जोडदांड्यांनी चाके फिरत. मोठ्या एंजिनांत डीझेल यंत्र एक जनित्र फिरवी, त्या जनित्राची वीज आसांवरील मोटारींस मिळे, आणि मोटारी चाके फिरवीत. म्हणजे डीझेल-इलेक्ट्रिक एंजिन हे एका अर्थी स्वतःचे वीजघर पोटात घेऊन हिंडणारे विजेचे एंजिनच आहे. शंटिंगमधील हळू आणि जोराच्या ओढीस ही मांडणी फार मानवली.

युद्धाने या गुणांना एकाएकी मोल आणले. दारूगोळ्याच्या कोठारात वाफेचे एंजिन नेणे म्हणजे निखाऱ्यांची शेगडी नेण्यासारखे. त्याच्या धुराड्यातून ठिणग्या उडतात आणि खालून विस्तव गळतो. अशा ठिकाणी आगीची एक चूक केवढी पडू शकते, हे मुंबईस 14 एप्रिल 1944 रोजी कळले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र होती. जहाजास आग लागून झालेल्या दोन स्फोटांनी गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली. त्या अनर्थाशी रेल्वे-एंजिनाचा संबंध नव्हता. पण दारूगोळा हाताळणाऱ्या लष्करी खात्यांना ठिणगी न टाकणारे एंजिन का हवेसे वाटे, हे यावरून उमजते. शिवाय रणभूमीवर धूर दुरून दिसतो, आणि उत्तर आफ्रिकेसारख्या प्रदेशात पाणीच दुर्मिळ असते.

म्हणून ब्रिटनच्या लष्करी खात्याने रेल्वे कंपन्यांकडील शंटिंगची डीझेल एंजिने उसनी घेतली, नवी बांधून घेतली आणि फ्रान्सपासून इजिप्तपर्यंत पाठविली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1940 पासून चव्वेचाळीस टनी एंजिन काढले. या वजनामागील कारण मोठे गमतीचे आहे. रेल्वे कंपन्या व कामगार संघ यांच्यात 1937 साली करार झाला होता, की 90,000 पौंड किंवा त्याहून जड एंजिनावर ड्रायव्हरबरोबर फायरमनही असलाच पाहिजे. 90,000 पौंड म्हणजे अमेरिकन मापाने 45 टन. कारखानदारांनी सरळ चव्वेचाळीस टनांचे एंजिन बांधले! यंत्राचे वजन अभियंत्याने नव्हे, तर करारपत्राने ठरविल्याचा असा दाखला क्वचितच सापडेल. बेताच्या शक्तीची दोन डीझेल यंत्रे, मध्यभागी ड्रायव्हरची खोली आणि दोन्ही बाजूंस बसके नाक, असे त्याचे रूप. 1956 पर्यंत अशी 276 एंजिने बांधली गेली.

भारतात डीझेलचे प्रयोग यापूर्वी झाले नव्हते असे नाही. 1930 च्या दशकात नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने काही एंजिने आणून पाहिली होती; पण ती टिकली नाहीत. खरा जम बसला तो 1944-45 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या 15 एंजिनांनी. मुंबईत मुख्य ठाणे असलेल्या ज्या रेल्वेला 1951 पासून पश्चिम रेल्वे हे नाव मिळाले, तिच्या पदरी ही एंजिने पडली. शक्ती 386 अश्वशक्ती, म्हणजे वर सांगितलेल्या चव्वेचाळीस टनी एंजिनाच्याच तोलाची. चार-चार चाकांच्या दोन बोगी, आणि काम शंटिंगचे. पुढे वर्गांची नावे ठरली तेव्हा यांना ‘डब्ल्यूडीएस-1’ हे नाव मिळाले. त्यातील पहिले अक्षर ब्रॉडगेजचे, दुसरे डीझेलचे आणि तिसरे शंटिंगचे. नावातील तो एकचा आकडाच त्यांचे ऐतिहासिक स्थान सांगतो. 1950 च्या दशकात माथेरानच्या दोन फुटी रुळांवर जर्मनीतील युंग कारखान्याची छोटी डीझेल एंजिने आली, 1964 पासून वाराणसीच्या कारखान्यातून मोठी एंजिने बाहेर पडू लागली, आणि अखेर तीच परंपरा कोकणच्या बोगद्यांतून ओरोसपर्यंत पोहोचली.

मग या आद्य एंजिनांचे जतन किती झाले? दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 साली उघडले. नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. नेरळ येथे माथेरानचे वाफेचे एंजिन मानाने उभे आहे. वाफेच्या एंजिनास देखणेपण आहे. त्याचे अवयव उघडे असतात, मुलालाही त्याची हालचाल कळते. शंटिंगचे डीझेल एंजिन म्हणजे बाहेरून एक लोखंडी पेटी. तिच्या समोर उभे राहून छायाचित्र काढून घेण्याची हौस फार थोड्यांना असते, आणि मोडीच्या भावाने विकताना कोणाचा हात थरथरत नाही.

इंग्लंडमध्येही प्रथम हेच घडत होते. पण तेथे काही हौशी माणसे आडवी आली. लीड्स शहरातील मिडल्टन रेल्वे तेथील विद्यार्थी व स्वयंसेवक यांनी वाचविली, आणि 20 जून 1960 रोजी रुंद रुळांवरील स्वयंसेवकांची पहिली गाडी त्यांनी चालविली. तिला ओढीत होते 1932 साली हन्स्लेट कारखान्यात बांधलेले एक छोटे डीझेल शंटिंग एंजिन, जे युद्धकाळात लष्करी खात्याकडे उसने गेले होते. रेल्वे-जतनाच्या त्या चळवळीचा असा आरंभ वाफेच्या एंजिनाने केला नाही, ही गोष्ट तेथील वाफेचे भक्तही हसत मान्य करतात. दुसरे एंजिन 7069 क्रमांकाचे, 1935 सालचे. ते ब्रिटिश फौजेबरोबर फ्रान्सला गेले, 1940 च्या माघारीत तेथेच राहिले, आणि 1987 साली, सत्तेचाळीस वर्षांनी, मायदेशी परतले. इतकी वर्षे ते परक्या मुलखात राबत राहिले म्हणूनच मोडीत गेले नाही!

असे एंजिन केवळ चौथऱ्यावर उभे करून रंग दिला म्हणजे जतन झाले, अशी समजूत आहे. ती खोटी आहे. वाफेचे थंड एंजिन बाहेरून पाहूनही पुष्कळ सांगते. डीझेलचे सारे मर्म झाकणाखाली असते. तेलाचा फवारा सोडणाऱ्या पंपाचे भाग इतके काटेकोर घासलेले असतात, की थोडा गंज चढला तरी ते जखडतात. जनित्राच्या तारांवरील वेष्टन ओलाव्याने कुजते, रबराच्या नळ्या तडकतात, धुराड्याचे तोंड उघडे राहिले तर पावसाचे पाणी थेट सिलिंडरात उतरते. कोकणाच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या धुवाधार पावसात तर उघड्यावर ठेवलेले यंत्र काही वर्षांतच निव्वळ पत्र्याचे खोके होऊन बसेल. म्हणून छप्पर पाहिजे, थंड ठेवण्याच्या नळ्यांतील पाणी काढून टाकले पाहिजे, आतील भागांस तेल दिले पाहिजे, आणि अधूनमधून यंत्र हाताने का होईना फिरविले पाहिजे. यास फार पैसा लागत नाही. नेमाने येणारा माणूस लागतो.

आणि यंत्राइतकेच त्याभोवतीचे ज्ञान नाशवंत आहे. कारखान्याचे नकाशे, दुरुस्तीच्या वह्या, सुट्या भागांच्या याद्या ही कागदपत्रे एंजिनाबरोबरच रद्दीत जातात. कोणत्या एंजिनाचा ब्रेक उशिरा धरतो, ओल्या रुळावर वाळू केव्हा सोडावी, बफर न आदळता डबा कसा लावावा, हे तर कागदावरही नसते. ते शंटरच्या हातात असते. मुंबईच्या आवारांत ज्यांनी ही कामे केली, त्यांत कोकणातून गेलेली माणसेही होती. त्यांपैकी जे निवृत्त होऊन गावी परतले आहेत, त्यांच्या तोंडून ही माहिती उतरवून घेण्याचे काम एखाद्या शाळेला किंवा वाचनालयालाही हाती घेता येईल. त्यासाठी एंजिन मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.