पोरांना सक्तीनं पलटणीत धाडावं काय?

“पोरांना दोन वर्षं सक्तीनं पलटणीत धाडा, सुतासारखी सरळ येतील,” असे आपल्या वऱ्हाडात पारावर हमखास ऐकू येते. कल्पना अगदीच टाकाऊ नाही. शिस्त लागेल, जातपात विसरून पोरे एका पंगतीला बसतील. घटनेच्या २३व्या कलमानेही सार्वजनिक कामासाठी सक्तीच्या सेवेची मुभा ठेवलेली आहे.

पण सक्तीची थोडी चव आपण घेतलेली आहे. चीनच्या आक्रमणानंतर, १९६३ साली, कॉलेजातल्या मुलांना एन. सी. सी. सक्तीची झाली. एवढ्या मुलांना पुरतील इतके शिकवणारे आणि साहित्य आणायचे कोठून? १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक झाली.

आणि शेतकऱ्याने काय करावे? ऐन पेरणीत घरचा एकुलता कर्ता मुलगा गेला, तर तिफण धरायची कोणी?

इस्रायलमध्ये सक्ती आहे खरी. तो देश लहान, माणसे थोडी. आपल्याकडे भरतीला रांगा लागतात. २०२२च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवान कायम ठेवण्याची तरतूद झाली. हौसेने आलेल्या चारांतल्या तिघांना घरी धाडायचे, आणि नको म्हणणाऱ्याला ओढून न्यायचे, हा हिशेब मला तरी जुळत नाही.