विस्टेरिया : बर्फात तग धरणारी फुलवेल



वेली शिकवताना आपण वाल, वाटाणा, गोकर्ण दाखवतो. याच शेंगांच्या कुळातली एक वेल थंड देशांत घरोघरी लावतात, ती म्हणजे विस्टेरिया. निळ्या-जांभळ्या फुलांचे तिचे घोस लोंबू लागले की मांडव भरून जातो. १८१८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस नटॉल यांनी फिलाडेल्फियाचे डॉक्टर कॅस्पर विस्टार यांच्या स्मरणार्थ हे नाव ठेवलं.

वेल जगते, पण फुलत का नाही?

चिनी आणि जपानी विस्टेरियाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि हिवाळाभर फांदीवर राहतात. कडाक्याच्या थंडीत त्या मरतात. वेल हिरवीगार दिसते, फुलं मात्र नाहीत! अमेरिकेतल्या केंटकी विस्टेरियाला त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर फुलं येतात. म्हणून तिचा 'ब्लू मून' हा वाण मिनेसोटासारख्या राज्यात, उणे ३० अंश सेल्सिअस थंडी सोसूनही फुलतो.

लागवड करताना

१. रोज किमान ६ तास ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी.
२. रोप कलमाचं किंवा फांदीपासून केलेलं घ्या. बियांच्या रोपाला फुलायला १० वर्षांहूनही जास्त लागू शकतात.
३. आधार भक्कम द्या. खोड लाकडासारखं जाड होतं, हलका मांडव मोडून पडतो.
४. नत्रयुक्त खत जास्त घालू नका. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मिळवून देतात. वरून आणखी घातलं तर पानंच माजतात.
५. फुलं संपल्यावर लांब फुटवे छाटा.

पालकांनी लक्षात ठेवा : हिच्या शेंगा आणि बिया विषारी असतात. पोटात गेल्या तर उलट्या, पोटदुखी होते. शेंगा वालासारख्या दिसतात, म्हणून लहान मुलं असतील तिथे त्या वेळीच काढून टाका.

वर्गात काय करता येईल?

आपल्या उष्ण हवेत विस्टेरिया नीट फुलत नाही, पण धडा शिकवायला तिची गरजही नाही. भुईमुगाचं रोप अलगद उपटून मुलांना मुळांवरच्या गाठी दाखवा. वाटाणा तणाव्यांनी आधार धरतो, वाल स्वतः आधाराभोवती गुंडाळत चढतो, हा फरक पाहू द्या. मग विचारा, वाल कोणत्या दिशेने वळतो? चिनी विस्टेरिया घड्याळाच्या उलट दिशेने वळते, जपानी घड्याळाच्या दिशेने. उत्तर मुलांनाच कुंपणावर शोधू द्या.